मेघा-ट्रॉपिक्स खाली आणला तेव्हा: एका जुन्या उपग्रहाचं प्रकरण

७ मार्च २०२३, धुळवडीचा दिवस. संध्याकाळी साडेचार ते साडेसात या तीन तासांत इस्रोला साधारण हजार किलोचा एक जुना उपग्रह पॅसिफिक महासागरावर उतरवायचा होता, आणि तो ठरलेल्या चौकटीतच उतरवायचा होता, इकडेतिकडे चालणार नव्हतं. उपग्रह मुळात यासाठी बनवलेलाच नव्हता. तरी जमलं. कसं जमलं, कुठल्या वळणावर काय ठरवावं लागलं आणि कुठे वेगळं करता आलं असतं, ते इथे सविस्तर लिहितोय. कन्सोलवर बसलेल्या माणसांची नावं यात नाहीत, ती गरजेचीही नाहीत. उपग्रहाचं नाव मात्र लपवत नाही, कारण तारीख वाचली की कुणीही ओळखेल.

पार्श्वभूमी

मेघा-ट्रॉपिक्स हा इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था सीएनईएस यांचा मिळून केलेला उपग्रह. १२ ऑक्टोबर २०११ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी१८ ने वर गेला, त्याच रॉकेटवर आयआयटी कानपूरच्या पोरांचा जुगनूही होता. काम काय, तर उष्ण कटिबंधातलं पाण्याचं चक्र बघायचं, म्हणजे ढग, बाष्प, पाऊस आणि वर परत जाणारी उष्णता.

पृथ्वी बघणारे बहुतेक उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरतात. हा तसा नव्हता. याची कक्षा ८६७ किलोमीटर उंचीवर आणि विषुववृत्ताशी फक्त २० अंश कललेली, त्यामुळे तो २० अंश उत्तर ते २० अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्यात फिरायचा आणि तोच भाग दिवसातून अनेकदा बघायचा. मान्सूनचे ढग किंवा वादळ काही तासांत बदलतात, तिथे असं पुन्हा पुन्हा बघणारं दुसरं फारसं कुणी नव्हतं. मॅड्रास हे त्यावरचं मुख्य यंत्र जानेवारी २०१३ मध्येच बंद पडलं, तरी हवेतली आर्द्रता मोजणारं सॅफिर चालू राहिलं आणि त्याचा डेटा भारताबाहेरच्या हवामान मॉडेल्समध्येही वापरला गेला. मूळ आयुष्य धरलं होतं ३ वर्षं, प्रत्यक्षात २०२१ पर्यंत उपयोग झाला. मला हा उपग्रह मनापासून आवडायचा, कारण आपल्या पावसाकडे बघण्यासाठीच तो वर गेला होता.

अडचण

काम संपलं म्हणून उपग्रह खाली येत नाही. ८६७ किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की हा तसाच सोडला असता तर शंभराहून जास्त वर्षं फिरत राहिला असता. वर टाकीत साधारण १२५ किलो इंधन शिल्लक. वाचलेलं इंधन ऐकायला बरं वाटतं, पण मेलेल्या उपग्रहात तेच धोक्याचं, टाकी किंवा बॅटरी कधीतरी फुटली की एका वस्तूच्या शेकडो वस्तू होतात आणि त्या सगळ्यांवर मग पिढ्यानपिढ्या नजर ठेवत बसायचं.

आता कक्षेची गोष्ट, आणि मला वाटतं या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची बाब हीच. २० अंश कललेली कक्षा २० अंश उत्तरेला पोचली की वळते, आणि वळताना तिचा जास्त वेळ त्या काठाच्या आसपासच जातो. असा उपग्रह कधीतरी आपोआप पडला तर पडण्याची शक्यता या दोन काठांजवळ जास्त. मग नकाशा बघा. मुंबई १९ अंशावर, पुणे साडेअठरावर, छत्रपती संभाजीनगर २० च्या जरा आत, नाशिक अगदी काठावर. शिवाय सगळा दक्षिण भारत, आग्नेय आशिया, आफ्रिकेचा मधला भाग, मेक्सिको सिटी. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह पडतो तेव्हा बर्फ आणि रिकामा समुद्र यांचा वाटा मोठा असतो, इथे उत्तर युरोप नाही, सायबेरिया नाही, अंटार्क्टिका नाही, जो काही धोका होता तो आपल्यासारख्या दाट वस्तीच्या देशांनीच वाटून घ्यायचा होता.

आणि हे कागदी भय नव्हतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग बघितली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी रिंग आणि गोळा सापडला. तो चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचा भाग असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. कुणाला लागलं नाही. पण लोखंड गावाजवळ पडलं की काय वाटतं ते त्या लोकांना विचारावं.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय, काहीच न करणं. टाकी रिकामी करायची, बॅटरी तोडायची आणि सोडून द्यायचं. सोपं आणि स्वस्त, पण शंभर वर्षं. लो अर्थ ऑर्बिटमधल्या, म्हणजे २००० किलोमीटरच्या आतल्या कक्षांमधल्या, कचऱ्याबाबत सगळ्या मोठ्या संस्थांनी मान्य केलेली शिफारस अशी की काम संपल्यावर शक्यतो नियंत्रित पद्धतीने सुरक्षित जागी पाडा, नाहीतर निदान २५ वर्षांच्या आत खाली येईल अशा कक्षेत आणा. म्हणजे हा पर्याय नियमातच बसत नव्हता.

दुसरा, वर ढकलायचं. २००० किलोमीटरच्या वर नेला की तो गर्दीच्या पट्ट्याबाहेर जातो. माझ्या ढोबळ हिशोबाने त्याला सेकंदाला पाचशे मीटरहून जास्त वाढीव वेग लागला असता, आणि १२५ किलो हायड्राझिन, म्हणजे त्याचं इंधन, हजार किलोच्या उपग्रहाला देतं साधारण २८० मीटर. विषय संपला.

तिसरा, अर्धं खाली आणायचं. पेरिजी, म्हणजे कक्षेतला पृथ्वीला सर्वात जवळचा बिंदू, पुरेसा खाली आणून ठेवायचा आणि बाकीचं काम हवेवर सोपवायचं. हा मार्ग वाईट नाही. इस्रोने कार्टोसॅट-२ साठी तोच घेतला होता: २००७ चा ६८० किलोचा उपग्रह, २०२० च्या सुरुवातीपर्यंत पेरिजी ३८० किलोमीटरवर आणली, आणि तो १४ फेब्रुवारी २०२४ ला हिंदी महासागरावर जळून संपला. पण यात पडण्याची जागा आपल्या हातात नसते.

चौथा, पूर्ण नियंत्रित पाडाव. इथे गणित जमत होतं, पण घासून. कक्षेच्या एका बाजूला वेग सेकंदाला १ मीटरने कमी केला की विरुद्ध बाजूची उंची साधारण साडेतीन किलोमीटर उतरते. ८६७ वरून ८० किलोमीटरवर पेरिजी आणायला २१५ च्या आसपास मीटर लागतात. हातात २८०. शिल्लक दिसते ती चुका सुधारायला, दुसऱ्या उपग्रहांना चुकवायला आणि तोंड नीट दिशेला धरून ठेवायला.

तिसरा की चौथा, हाच खरा निर्णय होता. कुणी म्हणेल की उपग्रह हजारच किलोचा, बराचसा जळून जाणार, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बघा, तिसरा पर्याय घेतला तरी उरलेलं इंधन वर ठेवता येणार नव्हतंच, ते कुठेतरी संपवायलाच हवं होतं. संपवायचंच आहे तर त्याच इंधनात पडण्याची जागा निवडता येत असेल तर का निवडू नये. आणि मधेच काही बिघडलं असतं तर? अर्ध्या वाटेवर मेलेला उपग्रह म्हणजे तिसरा पर्यायच, शंभर वर्षांऐवजी लवकर पडणारा. अपयशातही हाती काहीतरी राहत होतं. म्हणून चौथा पर्याय धाडसी दिसला तरी मला तो सर्वात समंजस वाटतो.

ट्रॅकिंग का अवघड होत गेलं

ऑगस्ट २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कक्षा खाली आणायला सुरुवात झाली, २० मॅनुव्हर, म्हणजे इंजिन चालवून कक्षा बदलणं, केले गेले. सगळं इस्ट्रॅकमधून, म्हणजे इस्रोच्या बेंगळुरूतल्या उपग्रह नियंत्रण केंद्रातून.

वरून दिसायला हे सरळ वाटतं, थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाची छोटी इंजिनं, चालवा आणि खाली या. पण प्रत्येक मॅनुव्हरनंतर पहिला प्रश्न एकच: आता तो नक्की कुठे आहे? थ्रस्टर कागदावर जेवढा धक्का देतात तेवढाच प्रत्यक्षात देत नाहीत, जुना उपग्रह असेल तर अजूनच नाही. मग ग्राउंड स्टेशनवरून रेंजिंग करायचं, म्हणजे रेडिओ सिग्नलने अंतर मोजायचं, डॉप्लर बघायचं, म्हणजे वेगामुळे सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत पडलेला फरक बघायचा, नवी कक्षा काढायची, आणि तीच पुढच्या मॅनुव्हरची सुरुवात. आपल्यासारखे हौशी लोक जे टीएलई, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या ट्रॅकिंगमधून येणाऱ्या दोन ओळींच्या आकड्यांवर, उपग्रह डोक्यावरून कधी जाणार ते बघतात, त्यांना इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या आकड्यांवरून अंदाज काढणाऱ्या मॉडेलला मॅनुव्हर माहीत नसतो. शांत पडलेल्या उपग्रहाचा आठवड्यापूर्वीचा टीएलईसुद्धा चालून जातो, पण इंजिन चालवणाऱ्या किंवा हवेत घासणाऱ्या उपग्रहाचा कालचाही चालत नाही, मोबाईलवरचं ॲप तो अमुक वेळी येणार म्हणून सांगत राहतं आणि तो आधीच निघून गेलेला असतो.

दुसरं म्हणजे उपग्रह जसजसा खाली येतो तसतसा कमी वेळ दिसतो. ८६७ किलोमीटरवर असताना तो स्टेशनच्या बरोबर डोक्यावरून गेला तर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पंधरा-सोळा मिनिटं मिळतात. ३०० किलोमीटरवर तीच आठ-नऊ मिनिटं. म्हणजे जेव्हा जास्त बघायची गरज असते नेमकं तेव्हाच खिडकी लहान होते, आणि अँटेनाला फिरावंही भरभर लागतं.

तिसरी गोष्ट हवा. वरच्या वातावरणाची घनता सूर्यावर अवलंबून असते आणि २०२२-२३ मध्ये सूर्याचं २५ वं चक्र चढणीला होतं. फेब्रुवारी २०२२ मध्येच एका सौर वादळाने हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले जवळपास चाळीस स्टारलिंक उपग्रह एका झटक्यात गेले होते. या परिस्थितीत पुढच्या महिन्यात ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, किती असेल याचा अंदाज कच्चाच असतो. इथे टीमने केलेली एक गोष्ट मला फार आवडली. कक्षा उतरवत असतानाच त्यांनी सोलर पॅनेल वेगवेगळ्या कोनात ठेवून हवेचा रोध किती बदलतो ते मोजलं. पॅनेल वाऱ्याला आडवं धरलं की शिडासारखं ओढतं, कडेने धरलं की सुटतं. म्हणजे नुसत्या मॉडेलवर न विसंबता स्वतःच्याच उपग्रहावर मोजून बघितलं, म्हातारा उपग्रह जाता जाता प्रयोगशाळा झाला.

आणि चौथी, जिच्यात चूक चालणारच नव्हती. लंबवर्तुळाकार कक्षेत पेरिजी खाली आणि दुसरं टोक वर, त्यामुळे उपग्रह प्रत्येक फेरीत ४०० किलोमीटरच्या आसपासची उंची दोनदा ओलांडतो, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. त्याच पट्ट्यात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आणि चिनी स्थानक, दोन्हीत माणसं. म्हणून प्रत्येक मॅनुव्हरचा बेत आधी तपासला जायचा, त्यानंतरच्या कक्षेत कुणी जवळ येत नाही ना, आणि मग हिरवा कंदील.

जागा कशी ठरली

जुनी अवकाशयानं पाडायची नेहमीची जागा म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधला पॉइंट नेमोचा परिसर, साधारण ४९ अंश दक्षिण. मेघा-ट्रॉपिक्सला तिथे जाताच येत नव्हतं, २० अंशाच्या पलीकडे त्याची कक्षाच नाही. म्हणजे उष्ण कटिबंधातच रिकामा समुद्र शोधायचा. शेवटी चौकट ठरली ५ ते १४ अंश दक्षिण आणि ११९ ते १०० अंश पश्चिम. नकाशावर हा भाग गॅलापागोस बेटं आणि मार्केसास बेटं यांच्या मधोमध येतो, साधारण दोन हजार किलोमीटर रुंद आणि हजार किलोमीटर उंच, सगळं पाणी.

इथे भूमिती सुंदर जुळते. ब्रेक जिथे मारतो त्याच्या विरुद्ध बाजूला उंची उतरते, आणि भारताच्या रेखांशाच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो पूर्व पॅसिफिक. म्हणजे आपल्याकडच्या बाजूला इंजिन चालवायचं आणि पडायचं पार पलीकडे. शेवटच्या बेतात स्टेशनांना मार्ग दिसला पाहिजे ही अट होतीच, सोबत थ्रस्टर जास्तीत जास्त किती जोर देतात आणि सलग किती वेळ चालू शकतात याच्याही मर्यादा. थ्रस्टर होते ११ न्यूटनचे. ११ न्यूटन म्हणजे किलोभर वजन हातात धरल्यावर जाणवतो तेवढा जोर, आणि असे चार.

शेवटचा दिवस

पहिला बर्न, म्हणजे इंजिन चालवणं, दुपारी ४:३२ ला, दुसरा संध्याकाळी ६:१५ ला, भारतीय वेळेने. दोन्ही वेळा चारही थ्रस्टर साधारण २० मिनिटं चालले. ४४ न्यूटन गुणिले १२०० सेकंद, भागिले नऊशेच्या आसपास किलो, म्हणजे एका बर्नमध्ये सेकंदाला ५८-६० मीटर वेग कमी. आकडा लहान दिसतो, पण २० मिनिटं म्हणजे फेरीचा जवळपास पाचवा भाग, आणि एवढा वेळ एका वयस्कर उपग्रहाने तोंड न हलवता सरळ राहायचं, ज्यातल्या कितीतरी यंत्रणांना आता पर्यायी जोडीदार उरलेला नव्हता आणि जो आपल्या मूळ उंचीच्या कितीतरी खाली होता.

दुसरा बर्न कमी पडला असता तर काय, हे समजून घेण्यासारखं आहे. जोर ५ टक्के कमी मिळाला तर पेरिजी साधारण १० किलोमीटर वर राहते, तेवढ्याने पडण्याची जागा पुढे सरकते, त्यासाठीच चौकट एवढी लांब धरली होती. पण बर्न अर्ध्यातच बंद पडला असता तर उपग्रह हवेत न शिरता पुढे निघून गेला असता आणि नंतर कुठल्यातरी फेरीत पडला असता, दर फेरीला पृथ्वी खाली बावीस-तेवीस अंश फिरलेली असते, त्यामुळे तेव्हा खाली काय असेल ते सांगता आलं नसतं. म्हणून त्या वीस मिनिटांना एवढं महत्त्व.

काय झालं

अंतिम पेरिजी ८० किलोमीटरच्या खाली गेल्याचा अंदाज निघाला, म्हणजे परत वर येणं नाही. उपग्रह ठरलेल्या चौकटीत, खोल पॅसिफिकवर विखरून जळाला, हे शेवटच्या टेलिमेट्रीवरून, म्हणजे उपग्रहाने खाली पाठवलेल्या माहितीवरून, सांगितलं गेलं. मोठे तुकडे उरणार नाहीत असं उष्णतेचं विश्लेषण सांगत होतं. वेळेची चौकटही आधी जाहीर केलेली होती आणि दुसरा बर्न तिच्या आतच होता.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी गोष्ट डिझाइनची. नियंत्रित पाडाव करायचा असेल तर तो ड्रॉइंग बोर्डवरच ठरायला हवा: जरा मोठे थ्रस्टर, खालच्या उंचीवरही दिशा धरणारी यंत्रणा, आणि शेवटच्या दिवसासाठी राखलेलं इंधन. इथे इंधन उरलं हे चांगलं झालं, पण ते उरेलच असं प्रत्येक वेळी धरता येत नाही.

दुसरी वेळेची. डेटा २०२१ पर्यंत मिळत होता, उतरवणं सुरू झालं ऑगस्ट २०२२ मध्ये. चालू उपग्रह बंद करणं कुणालाही जड जातं आणि सॅफिरचा प्रत्येक जास्तीचा महिना हवामान खात्यांना हवाच होता, हे मी मान्य करतो. तरी माझं मत असं की यंत्रणांचे जोडीदार शाबूत असताना निघायची एक ठाम तारीख हवी, किंवा निदान एक अट हवी: अमुक एवढ्या यंत्रणांचा पर्याय गेला की विज्ञान थांबवायचं आणि उतरायला लागायचं. युरोपच्या एन्व्हिसॅटचं उदाहरण समोर आहे. आठ टनांचा उपग्रह, ८ एप्रिल २०१२ ला अचानक संपर्क तुटला, आणि आजही तो गर्दीच्या उंचीवर गोल गोल लोळत फिरतोय, त्याचं फिरणं रडार आणि लेझरने मोजण्यापलीकडे कुणी काही करू शकलेलं नाही.

तिसरी नियमाची. २५ वर्षं ही मुदत आता फार ढिली वाटते. अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परवान्यांसाठी ती ५ वर्षांवर आणली, इस्रोने २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं उद्दिष्ट जाहीर केलंय. माझ्या मते त्यात कक्षेच्या कलाचाही विचार हवा. कमी कलाच्या कक्षेतला उपग्रह अनियंत्रित पडला तर धोका मोजक्या, दाट वस्तीच्या देशांवर एकवटतो, तेव्हा तिथे नियंत्रित पाडावाची अट जास्त कडक असावी, मग उपग्रह कुणाचाही असो.

आणि एक लहानशी, पण आपल्या हातातली. सिंदेवाहीसारख्या ठिकाणी काही पडलं तर हात लावू नका, लहान मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, टाकीसारखी वस्तू असेल तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला थांबा, कारण हायड्राझिन विषारी असतं, आणि तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला कळवा. चार ओळींची ही सूचना मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला खर्च जवळपास काहीच येणार नाही.